मी सुतकात नाही, असं म्हणाले

मामी, तुमच्या मयतीच्या दिवशी, तुमच्याच अंगणात, सगळ्या भाऊबंदांच्या देखत मी सांगितलं की मी तुमची कोणी लागत नाही. तुम्ही ते ऐकलं असतं तर हातातलं काम न थांबवता म्हणाल्या असत्या, "आता बोलली खरं." आणि मग पुढचे दोन-तीन रविवार माझ्याशी बोलल्या नसत्या. तेवढं करायला तरी तुम्ही हव्या होत्या.

सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. घटस्फोटानंतर तुम्हाला काय म्हणायचं हे कोणीच सांगितलं नाही, म्हणून मी मामीच म्हणत राहिले आणि तुम्ही ओ देत राहिल्या. विलास माझा नवरा राहिला नाही. जानू मात्र माझी पोरगी राहिली, पण तिचा ताबा बापाकडे गेला. बापाकडे म्हणजे तुमच्याकडेच, कारण विलास ट्रक घेऊन गेला की पंधरा-पंधरा दिवस कारध्याचं, तुमच्या गावाचं, तोंड पाहत नव्हता. मला मिळाले महिन्याचे दोन रविवार, दुसरा आणि चौथा. अकरा ते एक. तुमच्या घरी, आजीच्या समक्ष. हे 'आजीच्या समक्ष' विलासच्या वकिलानं मुद्दाम मागून घेतलं होतं. बाईला मोकळं सोडलं तर ती पोरीला घेऊन पळून जाईल, असं तो म्हणाला होता. म्हणजे माझ्या पोरीला भेटायचा हक्क माझा, पण तो वापरायचा तुमच्या नजरेखाली.

आणि तुम्ही काय नजर ठेवायच्या, बापा! पहिल्या रविवारी मी जानूसाठी फ्रॉक घेऊन आले होते. घरापुढच्या सपरीत तुम्ही चटई टाकली, एका टोकाला जानूला बसवलं, दुसरं टोक मला दाखवलं आणि मधोमध वाळल्या झिंग्यांचं सूप घेऊन स्वतः बसल्या. झिंगे निवडता निवडता आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहायच्या. जानू मला शाळेतलं काही सांगायला लागली की तुम्ही मध्येच, "जोरानं बोल, मलेबी आयकू दे." फ्रॉक तुम्ही हातात घेतला, उलटा केला, शिवण पाहिली. "आखूड होईन," म्हणालात. आखूड नव्हता तो. पाणीसुद्धा विचारलं नाही तुम्ही मला त्या दिवशी. आणि एक वाजायच्या कितीतरी आधी, "टाइम झाली वं" म्हणून सूप उचललं. मी पूल ओलांडून भंडाऱ्याला खोलीवर येईपर्यंत रडत होते. ऑटोवाला आरशातून पाहत होता.

मला तुमचा राग होता. तो लपवण्यात आता काय अर्थ आहे? कोर्टात जजसाहेबांनी विचारलं, पोरगी लहान असताना आई कुठे होती, तेव्हा तुम्ही पदर सावरून सांगितलं, "थे पोट्टीले टाकून गेली जी." तुमच्या या एका वाक्यानं माझी केस गेली, असं माझ्या वकीलबाई म्हणाल्या. मी नागपूरला नर्सिंग शिकायला गेले होते, मामी. होस्टेलवर लेकरू ठेवता येत नव्हतं. जाताना तुम्हीच स्टँडवर सोडायला आल्या होत्या, तुम्हीच जानूला कडेवर घेऊन म्हणाल्या होत्या, "जा, शिक. मी हाओ." मग विलासचं आणि माझं बिनसलं, दोन्ही घरची माणसं तोंडाला येईल ते बोलली, आणि तुमचं 'शिक' कुठल्या कुठे गेलं.

त्यावरून आपण कितीदा भांडलो असू! जानू अंगणात खेळायला गेली की मी सुरू करायची.

"मामी, तुम्ही कोर्टात खोटं काहून बोलल्या?"

"खोटं नाई बोलली. तू गेलती का नाई?"

"शिकायले गेलती."

"गेलती ना?"

"तुम्हीच सोडून दिलं होतं स्टँडवर!"

"मंग मी काय म्हनतो? गेलतीच."

झालं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तुम्हाला या भांडणाचा कंटाळा येत नसे आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. एखाद्या रविवारी मी ते काढलं नाही तर तुम्हीच विचारायच्या, "आज तोंडाले कुलूप काहून लावलं वं?" त्या भांडणाचा निकाल कधीच लागला नाही. तुम्ही एकदाही म्हणाल्या नाहीत की माझं चुकलं. मी वाट पाहत होते, शेवटपर्यंत.

पण पाणी तुम्ही कधी विचारायला लागल्या ते मला आठवत नाही. मग चहा आला. मग एका रविवारी सपरीत पोचले तर मरळीच्या रश्श्याचा वास, आणि तुम्ही म्हणालात, "पोट्टीसाठी केला. उरला, तं खा." भांडं भरून उरला होता! चटईच्या मधोमध बसायच्या त्या तुम्ही हळूहळू भिंतीशी सरकल्या. भिंतीला टेकून डोळे मिटायच्या आणि मी जानूची वेणी घालत असताना घोरायच्या. ते घोरणं खोटं होतं हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे तुम्हालाही. 'टाइम झाली' म्हणणं तर तुम्ही विसरूनच गेल्या. मीच उठायचे.

जानूला ताप आला होता तेव्हाचं आठवतं? फोन तुमचा.

"सुनंदा, पोट्टीचं आंग तव्यावानी तापून रायलं. ये."

"मामी, आज मंगळवार आहे. मला रविवारशिवाय..."

"मले वार नोको शिकवू. नर्स हायस ना? ये!"

मी आले. रात्रपाळीवरून सरळ. आपण तिला मी काम करते त्या दवाखान्यात आणलं, सलाईन लागलं. विलासला कळलं तसा तो फोनवर ओरडला, "तिले कोनं बलावलं? कोर्टाचा ऑर्डर हाय!" तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरला, त्याचं सगळं बोलून होऊ दिलं, आणि मग म्हणालात, "मी बलावलं. कोर्टाले सांग, बुढीले फाशी दे." आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणालात, "हे बंद कसं करतेत?" मला हसू आलं. तुमच्यासमोर मी लग्नानंतर कधी हसले असेन तर ते तेव्हा.

नंतर वकीलबाईंनी मला समजावून सांगितलं की लेकरू आजारी पडलं तर ते आईला कळायलाच हवं, ताबा कोणाकडेही असो. ताबा गेला म्हणजे आईपण गेलं असं कायदा म्हणत नाही. लेकराच्या शाळेत विचारपूस करता येते, अभ्यास कसा चाललाय ते पाहता येतं, सुटीत जास्त दिवस मागता येतात. आणि ताब्याचा हुकूम कधी दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली की लेकराच्या भल्यासाठी पुन्हा मागता येतं. मी हे सगळं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, मग हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही? मला वाटायचं, दोन रविवार म्हणजे दोन रविवार, बाकीच्या दिवशी मी कोणीच नाही.

तरी शाळेत माझी हिंमत होईना. पालकसभेला तुम्हीच मला ओढत नेलंत. ऑफिसातला माणूस म्हणाला, ताबा वडिलांकडे आहे, तुम्हाला काही सांगता येणार नाही. मी पर्समध्ये हात घालून वकीलबाईंनी दिलेले कागद शोधायला लागले. एकही कागद धड निघेना. तोवर तुम्ही टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हे पाह्य बापू. ही पोट्टीची माय हाय. माही सून हाय. आन मी आजी हाओ. आता कोनत्या खोलीत बसाचं थे दाखव."

त्यानं खोली दाखवली. बाहेर आल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "मामी, मी आता सून नाही तुमची." तुम्ही उन्हात डोळ्यांवर हात धरून बस येते का पाहत होत्या. म्हणालात, "मंग कोन हायस? चाल लवकर, बस जाईन."

तुम्ही असं सगळ्यांसमोर म्हणून टाकलं होतं, मामी. म्हणून माझा त्या दिवशीचा शब्द मला जास्त टोचतो.

त्या बुधवारी सकाळी मी ड्यूटीला निघत होते. डबा भरलेला होता, चप्पल पायात घातलेली. जानूचा फोन आला. "आई, आजी उठून नाई रायली." मी विचारलं, श्वास चालू आहे का बघ. ती म्हणाली, "मले भेव लागते." मी तशीच निघाले. बुधवारी मला त्या घराची पायरी चढायचा हक्क नव्हता, पण पुलावर ते आठवलं नाही. आत आले, तुमचा हात हातात घेतला, नाडी पाहिली, पापणी उघडून पाहिली. रोज करते तसं. बायका बाजूला झाल्या, नर्स म्हणून जागा दिली. मग मी मान हलवली आणि त्याबरोबर मी परकी झाले. कोणी तरी मला हळूच दाराकडे सरकवलं. तुम्हाला आंघोळ घातली तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. तुमच्या अंगावर पाणी घालायला सुनेचा हात लागतो. गल्लीतल्या पुतणसुनांनी घातलं. मी पाहत होते आणि मला तिथं शिरून कोणाच्या तरी हातातला गडवा हिसकावून घ्यावासा वाटत होता. नाही घेतला. सकाळचं ऊन चढत गेलं, विलास देवरीच्या रस्त्यावर होता, तो दुपारी पोचला. मग तुम्हाला नेलं.

जानू सपरीच्या खांबाला धरून बसली होती. सकाळपासून पोटात काही नाही. तोंड पांढरं पडलेलं. माणसं घाटावरून परत आली तेव्हा तिला उभं राहता येईना. मी डबा घेऊन पुढे झाले, तर अड्याळची आत्या आडवी आली. तुमची नणंद. तुम्ही तिला 'पंचाईत कमेटी' म्हणायच्या.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. घाटावरून आल्यावर पहिला घास बाहेरच्या सोयऱ्यांनी द्यायचा, कडू घास म्हणतात त्याला. तो पडल्याशिवाय घरातल्या कोणी तोंडात काही टाकायचं नाही. हे मला माहीत होतं, पण नर्सला लेकराची शुद्ध आधी दिसते. तुमच्या गल्लीत सगळी घरं भाऊबंदांची, सुतक सगळ्यांनाच. कोणाच्या घरचं चालणार नव्हतं. सोयऱ्यांचा टेंपो पवनीकडून यायचा होता आणि तो रस्त्यात बंद पडला होता. सगळं अंगण उपाशी बसून टेंपोची वाट पाहत होतं.

आत्यानं माझ्या डब्याकडे पाहिलं. "हे कोनाच्या घरचं?"

"माझ्या खोलीवरचं. सकाळी केलं. भात आणि वरण."

"तू सुतकात हायस का नाई, थे सांग पह्यले."

तिनं वाईट भावनेनं विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. सुतकात असेन तर मी घरची. मग माझं अन्न चालणार नाही, पण मी आत जाऊन बायकांच्यात बसू शकेन, दहा दिवस तुमच्या नावानं रडू शकेन. सुतकात नसेन तर मी परकी. मग घास मीच देऊ शकते, दुसरं कोणी नाही. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. विलास ओल्या पंच्यात खाली मान घालून उभा. आणि जानू खांबाला धरून माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणाले, "नाही. मी सुतकात नाही. मी यांची कोणी लागत नाही."

"मंग दे," आत्या म्हणाली. "पन शिवू नोको पोट्टीले. वरतून दे."

मी वरून दिला. तिच्या पसरलेल्या हातावर, बोटं लागू न देता. तिनं खाल्ला. दुसरा दिला, तोही खाल्ला. मग एक-एक करून सगळ्यांना दिला, विलासलासुद्धा. त्यानं हात पुढे केला, पण वर पाहिलं नाही. ड्यूटीचा डबा तो, केवढासा, पण प्रत्येकाला चिमूटभर तरी पुरला. लोक म्हणाले, बरं झालं बाई तू होतीस. आणि मग मला तिथं थांबायचं काही कारण उरलं नाही. सोयरे घास देतात आणि घरी जातात.

मामी, माझ्या लेकरानं खाल्लं हे बरोबरच झालं. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. पण जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ते मी तुमच्या दारात सांगितलं. तुम्ही कोर्टात माझ्याबद्दल जे सांगितलं त्याचा हिशेब चुकता झाला असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मला एवढंच वाटतं की तुमच्याशी भांडायला पाहिजे होतं यावरून. तुम्ही म्हणायला हवं होतं, "सुतकात नाई म्हनलीस का नाई?" आणि मी म्हणायला हवं होतं, "पोरीसाठी म्हटलं." "म्हनलीस ना?" असं आपलं चाललं असतं कितीतरी रविवार.

सुतक मी पाळलं. खोलीवर, दार लावून. केसांना तेल लावलं नाही, खाली चटईवर झोपले, गोड खाल्लं नाही. वॉर्डात सिस्टर विचारत होत्या, बरं नाही का? मी म्हटलं, घरी मयत झाली. कोण गेलं विचारल्यावर म्हटलं, मुलीची आजी. दशक्रियेच्या दिवशी तुमची माणसं कारध्याच्या काठावर बसलेली मला अलीकडून दिसत होती. पांढऱ्या टोप्या, पांढरे पंचे, आणि त्यात जानूचा निळा फ्रॉक. मी भंडाऱ्याच्या बाजूला एकटी नदीत उतरले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. कपडे धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कोन गेलं वं बाई?" मी म्हटलं, "सासू." तिनं डोक्याला हात लावला, म्हणाली, "दुसऱ्या काठावर काहून नाई गेली मंग?" इतकं एकटं मला कोर्टाच्या व्हरांड्यातही कधी वाटलं नव्हतं.

तेरवी झाली आणि विलासच्या वकिलाकडून निरोप आला. भेट आजीच्या समक्ष व्हायची होती, आता आजी नाही, तेव्हा भेटही नाही. विलास जानूला रायपूरला चुलत भावाकडे ठेवणार, तिथल्याच शाळेत घालणार. वकीलबाई चिडल्या. म्हणाल्या, असा हक्क संपत नाही. आजी गेली म्हणून आई जात नाही. आपण ताबाच मागू. आईची पक्की नोकरी, पूल ओलांडला की घर, बाप फिरतीवर, पोरगी वयात येतेय, इतकी चांगली बाजू पूर्वी कधीच नव्हती. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. मला समजलं होतं. फक्त आनंद होत नव्हता.

कारण हे मी तुमच्याशी बोलले होते ना, मामी. थंडीत. तुम्हाला दम लागायला लागला होता, दोन पावलं चाललं की बसायच्या. मी म्हटलं, मी कोर्टात अर्ज करणार आहे, जानूला माझ्याकडे नेणार आहे, तुम्हाला आधी सांगते. तुम्ही झिंग्यांतून मान वर केली नाही.

"मी हाओ तवर नोको नेऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे मी तुमच्या मरणाची वाट पाहू?"

"पाह्य मंग. जास्त दिवस नाई लागाचे."

असं कोणी बोलतं का? मी उठून चालायला लागले, तर फाटकापर्यंत तुमचा आवाज आला. "जजसाहेबानं पुसलं तं मी येऊन सांगतो, पोट्टी मायजवळ ठेवा म्हनून. पन मांगं चुकीचं सांगतलं असं नाई म्हनाची हं! पोट्टी मोठी झाली म्हनून सांगतो." मी वळून पाहिलं. तुम्ही झिंगे निवडत होत्या. मी चिडूनच गेले त्या दिवशी, नीट बोललेही नाही. पुढच्या रविवारी आपण त्यावर एक अक्षर काढलं नाही. हे ऐकायला तिथं तिसरं कोणी नव्हतं. वकीलबाई म्हणतात, गेलेल्या बाईनं तुम्हाला एकटीला सांगितलेलं कोर्ट कितपत धरील सांगता येत नाही. मी ते कोर्टात सांगणार पण नाही, असं आता वाटतं. तुमच्या तोंडून आलं असतं तर त्याला वजन होतं. मी सांगितलं की ते नुसतं माझं मागणं होतं.

अर्ज केला आहे. तारीख पडेल. वकीलबाई म्हणाल्या, तोवर तुमच्या रविवारी तुम्ही जा. दार बंद असलं तरी जा, बाहेर बसा, आई आली नाही असं कोणाला म्हणता येऊ नये. म्हणून आज चौथ्या रविवारी मी आले. कुलूप असेल असं धरूनच आले होते. तसं नव्हतं. विलास अंगणात उभा होता, दाढी वाढलेली, तुमच्यासारखाच हात डोळ्यांवर धरून. मी फाटकातच थांबले.

"आजीच्या समोर भेटायचं म्हटलं होतं," मी म्हणाले. वेड्यासारखं.

"माहीत हाय," तो म्हणाला. मग चटई आणून सपरीत टाकली. "बस." जानूला हाक मारली आणि स्वतः नदीकडे निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही. तो का गेला ते मला माहीत नाही. त्याला आम्हाला एकटं सोडायचं होतं की तुमच्या रिकाम्या जागेसमोर बसवत नव्हतं, कोणाला विचारू?

जानू आणि मी बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघीच. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी तिला कुशीत घेईन, केवढं बोलेन. मी पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. ती चटईची काडी ओढत होती. मग म्हणाली,

"आई, आता आपल्यावर लक्ष कोन ठेवन?"

"कोणी नाही."

"मंग तू मले घेऊन पळशीन?"

"हे तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्यायलेच माहीत हाय."

मामी, तुम्हाला सांगते. रस्ता मोकळा होता. विलास नदीवर. पुलावरून नागपूरच्या बसचा हॉर्न ऐकू येत होता आणि माझी पर्स खांद्याला होती. एक क्षणभर माझे पाय शिवशिवले, खोटं नाही बोलणार. मग मी पर्स काढून बाजूला ठेवली.

"नाही," मी म्हटलं. "विचारून नेईन."

"कोनाले विचारशीन?"

"जजसाहेबांना. तुझ्या बाबाला. पण पहिले तुला."

तिनं मान वर केली. "विचार मंग."

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, हे मी वकिलाला सांगितलं, कोर्टाला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. जिचं तिला कधी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, "जानू, माझ्याजवळ राहायला येशील?"

ती आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघत बसली, तुमची बाज होती तिकडे. मग म्हणाली, "मी आली तं अथी कोन राहीन?"

मामी, मी नुसता हात पुढे केला. ती सरकत सरकत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, आणि विलास नदीवरून परत येईपर्यंत मी तुमच्या सपरीत बसून तुमच्यासाठी मोठ्यानं रडले.